पारोसा दाभण

शालूबाई थापा मारायची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तिच्याविषयी चांगलं बरंच यायचं आहे आणि मग कोणी म्हणायला नको की लपवलं. तिच्या थापांनी कोणाचं वाटोळं मात्र झालं नाही. सासू हयात होती तेव्हा ती शेजारच्या बाळंतिणीला तांब्याभर दूध गुपचूप पोचवायची आणि घरात सांगायची की मांजरीने सांडलं. मांजर बिचारी फुकट लाथा खायची. सुनेला, पूनमला, शिवणाच्या क्लासला जायचं होतं तेव्हा नवरा आणि मुलगा दोघेही आडवे आले. शालूबाई वाद घालत बसली नाही. शिलाई न येणाऱ्या बायांचं रेशन बंद होणार आहे असं तिने चहा ओतता ओतता सहज सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे मिळून पूनमला क्लासला सोडून आले.

तिचं माहेर जळगाव जामोदचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. आमच्याकडच्या बाया बोलत नाहीत, नुसतं काम करतात, असं ती सासरी आल्या आल्या सांगायची. हीसुद्धा थापच होती. सासर साखरखेर्ड्याच्या अलीकडचं एक खेडं. विहिरीवर वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि उरलेल्या वावरात सोयाबीन. गोठ्यात एकच बैल. दुसरा बैल शेजारच्या पंचफुलाचा. पंचफुलाचा नवरा पुण्याला वॉचमन, दिवाळीला येणार आणि आठवड्यात परत जाणार. ती शेत एकटी पाहायची. दोन घरांचे दोन बैल मिळून एक जोडी व्हायची, आज यांच्या वावरात, उद्या तिच्या वावरात. याला सावड म्हणतात. या सावडीमुळे दोघी बाया इतक्या जवळ आल्या होत्या की शालूबाईने आयुष्यात एकाच माणसाला थाप मारली नव्हती, आणि ते माणूस म्हणजे पंचफुला.

आता शालूबाईचा नवरा निवृत्ती. भाजी तो बाजारात विकायचा खरा, पण गावात त्याची ओळख वेगळीच होती. तो गोऱ्हे नाथायचा. तरण्या गोऱ्ह्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पाडायचं आणि त्यातून दोरी ओवायची, ती वेसण. वेसण असली म्हणजे एवढं दांडगं जनावर दोन बोटांनी वळतं. भोक जरा खाली पडलं तर नाक फाटतं, वर पडलं तर जनावर आयुष्यभर दुखरं राहतं. निवृत्तीचा हात कधी चुकला नाही. मोबदला म्हणून तो नारळ आणि गूळ घ्यायचा, आणि वरून सगळ्या गावाची चेष्टा करायचा हक्क. लग्न ठरलेल्या पोराला रस्त्यात धरून त्याचं नाक चिमटीत पकडायचा आणि म्हणायचा, "तुही वेसण येऊन राह्यली बे, आता हुंदडून घे."

हे काम तो ज्या दाभणाने करायचा तो दाभण त्याच्या आज्याचा, गणुजींचा. हातभर लांब नव्हे, पण गावच्या बोलण्यात हळूहळू तेवढा झाला होता. त्याला कधी पाणी लागलं नव्हतं. पाण्याने लोखंड गंजतं, धार जाते, आणि आज्याचा गुण धुऊन जातो, असं निवृत्तीचं म्हणणं. एक गोऱ्हा झाला की दाभण धोतराला पुसायचा, तिळाच्या तेलात बुडवायचा आणि पुढचा गोऱ्हा घ्यायचा. धोतर धुणारी शालूबाई त्याबद्दल काय म्हणायची ते इथे छापण्यासारखं नाही.

नाथण्याचाही क्रम ठरलेला. मान उकंडरावांचा. गावात सगळ्यांत मोठी जमीन त्यांची, म्हणून त्यांची जनावरं आधी, मग बाकीच्यांची. गेल्या वर्षी संक्रांतीनंतर उकंडरावांचा एक जुना धिप्पाड बैल आणला होता, नाक फाटलं म्हणून नवं भोक पाडायला. त्याच्या पाठोपाठ, पहिल्यांदाच नाथून घ्यायला, पंचफुलाचा तरणा लाख्या उभा होता. लाखेच्या रंगाचा, देखणा. पंचफुला त्याला रोज घासायची, कानामागे बोटं घालून गोचीड शोधायची आणि एक सापडला तरी रॉकेलच्या डबीत बुडवायची.

होळीच्या आधी लाख्याला ताप भरला. चारा सोडला, शेण वाळून खडखडीत झालं, डोळे हळदीसारखे पिवळे पडले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अर्पिता मॅडम आल्या, रक्त तपासलं, गोचीडताप आहे म्हणाल्या, इंजेक्शनं दिली. पण उशीर झाला होता. लाख्या गेला. पंचफुला त्या दिवशी गोठ्यात जी बसली ती उठेचना, आणि शालूबाईही तिच्या शेजारी बसून राहिली. दोघींची जोडी मोडली होती.

पंचफुलाला कोणीतरी दोषी हवंच होतं. लाख्या आजारी पडायच्या थोडं आधी गावात लम्पीची लस टोचली होती. बस, तेवढं पुरलं. "माह्या बैलावर एक गोचीड दिसत नव्हता, अन् गोचीडताप कुठून येते? त्या सुईनं मारला त्याले," असं ती सगळ्या गावाला सांगत सुटली. पुढच्या खेपेला लस टोचणारा माणूस आला तेव्हा तिने त्याच्या मोटारसायकलीच्या सीटवर पाटीभर ओलं शेण ओतलं. तो गडी बिचारा साखरखेर्ड्यापर्यंत उभ्याउभ्याच गाडी चालवत गेला म्हणतात. गावाने हसून घेतलं. शालूबाईही हसली. तेव्हा तिला काही माहीत नव्हतं.

माहीत झालं ते दिवाळीनंतर. बचत गटाच्या बायांसमोर बोलायला अर्पिता मॅडम आल्या होत्या. पंचफुला अर्थातच आली नव्हती, तिचं आणि दवाखान्याचं वैर होतं. मॅडमनी गोचिडाचं मोठं चित्र दाखवलं तशा बायांनी पदर तोंडाला लावले.

"गोचीड रक्त पितो," मॅडम सांगत होत्या, "आणि एका जनावराच्या रक्तातले जिवाणू दुसऱ्याच्या रक्तात नेऊन सोडतो. पण या तापाची एक गंमत आहे. तो न्यायला गोचीडच लागतो असं नाही. एकाला टोचलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचली, शिंगं कापायची करवत तशीच दुसऱ्याला लावली, तरी तो जातो. ज्या जनावराला लहानपणी हा ताप येऊन गेला ते वरून धडधाकट दिसतं, पण रोग रक्तात बाळगून असतं."

उकंडरावांची बायको सत्यभामाबाई म्हणाली, "मंग लस द्या न मॅडम याची. एवढ्या लसी देता."

"या तापाची लस आपल्याकडे नाही मिळत, मावशी. लम्पीची आहे, घटसर्पाची आहे. संकरित वासरांसाठी गोचिडामुळे येणाऱ्या दुसऱ्या एका तापाची आहे. एका लसीने सगळे ताप अडत नाहीत. जी आहे ती टोचून घ्यायची, आणि जिची नाही तिथे गोचीड काढायचे आणि हत्यारं उकळायची."

शालूबाईच्या हातातला चहा साडीवर सांडला. तिच्या डोळ्यांसमोर उकंडरावांचा धिप्पाड बैल उभा राहिला, त्याच्या नाकातून निघालेला दाभण, निवृत्तीचं धोतर, तेलाची वाटी, आणि मग लाख्याचं ओलं काळं नाक. लाख्यावर गोचीड नव्हताच. त्याची गरजही पडली नव्हती.

त्या बैठकीला बसलेल्या बहुतेक बायांच्या मनात दाभणच आला होता, पण प्रत्येकीला वाटलं की हे फक्त आपल्यालाच सुचलं, आणि निवृत्तीभाऊंना कोण सांगणार म्हणून प्रत्येकीने ते मनातच ठेवलं. लाख्याचं मात्र एकट्या शालूबाईला कळलं. निवृत्तीला सांगावं तर तो माणूस मोडून पडला असता. गावात त्याला मिळणारा सगळा मान त्या दाभणाच्या टोकावर उभा होता. न सांगावं तर संक्रांत तोंडावर आली होती, आणि पंचफुलाने कर्जबिर्ज न काढता, गळ्यातलं डोरलं तेवढं ठेवून बाकी किडूकमिडूक विकून, नवा गोऱ्हा आणला होता. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून त्याचं नाव चांद्या. तोही यंदा नाथायचा होता. पुन्हा उकंडरावांच्या जनावरांमागून.

आधी तिने सरळ मार्ग धरला. बाजारातून एक नवा दाभण आणला आणि म्हणाली, "एक धुवाले टाकला तं दुसरा असू द्या हाताशी."

निवृत्तीने दाभण उलटापालटा करून पाहिला. "एका घरात दोन दाभण म्हणजे एका घरात दोन बाया. तुले चालन का?" असं म्हणून त्याने तो पोती शिवायला देऊन टाकला. मग शालूबाईने आज्याचा दाभण तांदळाच्या डब्यात लपवला, तर त्याने सगळं घर डोक्यावर घेतलं आणि शेवटी पूनमला भात करताना तो सापडला. सरळ मार्गाने काही होत नाही हे पाहून शालूबाई आपल्या नेहमीच्या वाटेने निघाली, आणि त्या वाटेवर तिचा पाय कधी अडखळला नव्हता.

सकाळी निवृत्ती दात घासून आला तर ही डोक्याला हात लावून चुलीपाशी बसलेली.

"काऊन वं? काय झालं?"

"आजे आले होते सपनात."

"कोनाचे?"

"तुमचेच. गणुजी." तिने डोळ्याला पदर लावला. "लय रागात होते. म्हणे, मी त्या दाभणात बसेल हाये अन् माहा नातू मले आंघोळ घालत नाई. एका बैलाच्या रक्तात बुडवते अन् तसाच पारोसा दुसऱ्याच्या नाकात घालते. इतके वर्स मी पारोसा फिरून राह्यलो म्हणे."

निवृत्तीचा चेहरा उतरला. गणुजी हयात असताना आंघोळ न करता चुलीपाशी गेलेल्या नातवाला त्यांनी चिंचेच्या फोकाने झोडपलं होतं. पारोसं राहणं म्हणजे काय, हे त्याला पाठीने शिकवलेलं होतं.

"मंग काय करा लागते म्हणे?"

"उकळत्या पाण्याची आंघोळ. परत्येक जनावर झालं की. अन् आंघोळ सुरू असताना पाच देवाच्या पाच आरत्या, घाई न करता. आंघोळीतून निघाला की मंग तेल लावा म्हणे, गंजणार नाई."

निवृत्तीने तोंड पुसलं. मग संशयाने म्हणाला, "आजा जिवंतपणी एवढं बोलत नव्हता."

"मेल्यावर येळ मिळते माणसाले," शालूबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवलं.

यंदाची पहिली नाथणी मारुतीच्या पारावर झाली. तीन दगडांची चूल, तिच्यावर जर्मनचं भगुणं, बाजूला कापूर, हळदकुंकू आणि उदबत्त्या. उकंडरावांच्या गोऱ्ह्याला वेसण घातली गेली आणि निवृत्तीने रक्ताचा दाभण धोतराकडे नेला, तसा शालूबाईने तो वरच्या वर काढून घेतला आणि खळखळत्या पाण्यात सोडला. आरत्या सुरू झाल्या. उकंडराव कुरकुरले, "अरे, आमाले कामं हायेत बाप्पा, किती आरत्या म्हणता?" तशी त्यांचीच बायको सत्यभामाबाई कडाडली, "देवाच्या कामात तोंड घालू नका. पहिल्या आरतीचं ताट तुमच्या हाती दिलं, तेवढं घ्या अन् गप उभं राहा." बचत गटाच्या सगळ्या बाया तिथे उभ्या होत्या. इतक्या भक्तीने आरती म्हणताना गावाने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कोणी एक कडवं गाळलं तर दुसरी ते परत सुरू करत होती, आणि एकमेकींकडे बघायचं मात्र सगळ्यांनी कटाक्षाने टाळलं.

संध्याकाळपर्यंत निवृत्तीने ही प्रथा आपली करून टाकली. पारावर बसून तो सांगत होता, "आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या चालत आलं हे. मधी जरा बंद पडलं होतं. मीच म्हणलं, नाई, आता सुरू केलंच पाह्यजे." शालूबाईने ते ऐकलं. स्वतःच्या थापेवर दुसऱ्याने मालकी सांगावी याचा तिला थोडा राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला.

दुसऱ्या एका सकाळी आरत्या चालू असताना अर्पिता मॅडमची स्कूटी पाराशी थांबली. शालूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम शिकलेल्या, सरळ बोलणाऱ्या. त्या नक्की म्हणणार की निर्जंतुक करताय वाटतं, छान, आणि सगळं मुसळ केरात जाणार. निवृत्तीने छाती पुढे काढून त्यांना सगळा प्रकार समजावला. आजे, सपन, पारोसा दाभण, आंघोळ. मॅडमनी शांतपणे ऐकलं. भगुण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग शालूबाईकडे पाहिलं. शालूबाई जमिनीकडे पाहत होती.

"आजोबांना माझा नमस्कार सांगा," मॅडम म्हणाल्या. "आणि गोचिडांविषयी काही म्हणाले का ते?"

"पुसून सांगते," शालूबाई म्हणाली.

त्यानंतर गणुजी वरचेवर येऊ लागले. अंगावर गोचीड असलेल्या जनावराला आपण हात लावू देणार नाही असं त्यांनी कळवलं, त्यामुळे नाथणीच्या आधी सगळं गाव आपापल्या जनावरांच्या कानात आणि शेपटाखाली बोटं घालू लागलं. गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत गोचीड अंडी घालतात, त्या भेगा लिंपून घ्या, असंही त्यांचं म्हणणं पडलं. सालभर म्हटलं तरी भिंतीला हात न लावणारे उकंडराव स्वतः उभे राहून गोठा लिंपून घेत होते. आजा मेल्यावर इतका कामसू कसा झाला याचं निवृत्तीला अधूनमधून नवल वाटे, पण लोक आता त्याला वाकून रामराम करत होते, तेव्हा त्याने फार खोलात जायचं टाळलं.

सगळं इतकं सुरेख चाललं होतं की शालूबाईने निर्धास्त व्हायला हरकत नव्हती. पण तिला झोप लागत नव्हती. कारण शेजारच्या शिवारात लम्पीच्या गाठी आलेली जनावरं दिसली होती आणि अर्पिता मॅडम लवकरच लस घेऊन गावात येणार होत्या. चांद्याची नाथणी लसीच्या आदल्याच दिवशी ठरली होती. पंचफुलाने सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं, "लसवाले आले की मी चांद्याले घेऊन डोंगराकडं जाते. एक बैल त्यायच्या सुईले देल्ला, दुसरा देणार नाई." लस टोचून घ्या हा आजे गणुजींचा निरोपही तिने उडवून लावला होता. "ते तुमचे आजे. माहे नाई," ती म्हणाली होती. तिच्यावर थाप चालत नव्हती, आणि मुळात शालूबाईला तिला थाप मारता येत नव्हती.

म्हणजे दाभण उकळून एक मरण टळलं असतं, पण दुसरं दारात उभं होतं, आणि त्याला आत घेणारी खुद्द शालूबाईची चुप्पी होती. लाख्याला खरं कशाने मारलं हे जगात एकट्या तिला ठाऊक होतं. नवऱ्याचं नाक वाचवायचं की पंचफुलाचा बैल, असं ते सरळ होऊन बसलं. शालूबाई मनातल्या मनात निवृत्तीवर चिडली, दाभणावर चिडली, मेलेल्या आज्यावरही चिडली आणि पंचफुलाच्या वावरात गेली.

पंचफुला मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. शालूबाई बांधावर टेकली. तिने आधी हवेविषयी काही सांगितलं, मग मेथीच्या भावाविषयी, मग पूनमच्या शिवणाविषयी.

"वहिनी," पंचफुला मान वर न करता म्हणाली, "तुमी असं गोल गोल काऊन फिरून राह्यल्या? बोला न."

"लाख्याले सुईनं नाई मारलं, फुला." शालूबाईने एका दमात सांगून टाकलं. "आमच्या दाभणानं मारलं. उकंडरावाच्या बैलाच्या रक्तात ताप होता, अन् तो दाभण न धुता यायनं लाख्याच्या नाकात घातला. मॅडमनं बैठकीत सांगतलं तवा मले समजलं. आरत्या-गिरत्या सगळं माहं नाटक हाये. यायले काई माहीत नाई. तुले सांगाची हिंमत नाई झाली मले."

पंचफुलाचे हात थांबले. मग परत सुरू झाले. एक जुडी बांधली, दुसरी बांधली.

"मी त्या लसवाल्याच्या गाडीवर शेण टाकलं," ती म्हणाली.

"हाव."

"पाटीभर."

"हाव."

"अन् तुमी पाह्यलं ते. हसल्या."

"तवा मले माहीत नव्हतं वं. खरंच नव्हतं."

"अन् दिवाळीपासून? तवापासून तं माहीत होतं न? रोज माह्या चुलीपाशी बसून चहा पेल्या तुमी." आता तिने वर पाहिलं. डोळे कोरडे होते आणि त्यामुळेच शालूबाईला ते बघवेना. "माह्या लेकरासारखा होता तो, वहिनी. मले वाटे, मीच त्याले सुईपुढं उभं केलं. वर्सभर मी माह्याच थोबाडीत मारून राह्यली."

शालूबाई रडू लागली. पंचफुलाने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"जा तुमी," ती शेवटी म्हणाली. "मले मेथी बांधू द्या."

दुसऱ्या दिवशी पारावर नाथणीची तयारी झाली. शालूबाईने चूल पेटवली, पण तिचं कशात लक्ष नव्हतं. पंचफुला येईल की नाही, आली तर चारचौघांत काय बोलेल, हे तिला कळत नव्हतं. ती बोलली तर चूक तिची म्हणता येणार नव्हती. निवृत्ती मात्र नवं धोतर नेसून, गंध लावून, नवरदेवाच्या थाटात उभा होता आणि जमलेल्या लोकांना आज्याची नवी वचनं ऐकवत होता. उकंडरावांची जनावरं झाली. दाभण पाण्यात पडला, आरत्या सुरू झाल्या.

तेवढ्यात पंचफुला आली. एका हाताला चांद्याची दोरी, दुसऱ्या हातात घरून आणलेली गरम पाण्याची बादली. ती सरळ निवृत्तीपुढे येऊन उभी राहिली. आरती आपोआप थांबली. शालूबाईने डोळे मिटले.

"भाऊ," पंचफुला सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "रातच्याला गणुजी माह्या सपनात आले."

शालूबाईचे डोळे उघडले.

"तुह्या?" निवृत्ती चपापला. "तुह्या काऊन?"

"मीबी पुसलं, माह्या काऊन? तं म्हणे, माह्या घरचे लोकं मले खरं सांगत नाई." असं म्हणताना तिने एकदाच शालूबाईकडे पाहिलं. "म्हणे, दाभणाले आंघोळ घालून राह्यले, अन् ज्याच्या हाताले रक्त लागते तो नातू तसाच पारोसा. आधी त्याले धुवा, मंगच माह्या दाभणाले हात लावू द्या."

"मी सकाळी आंघोळ करून आलो बाप्पा!"

"परत्येक जनावरामांगं, म्हणे."

निवृत्ती मागे सरकला. पण मागे सत्यभामाबाई होती आणि बचत गट होता. उकंडराव, ज्यांना पाचपाच आरत्यांचा सूड घ्यायचाच होता, पुढे होऊन म्हणाले, "आज्याचा हुकूम हाये निवृत्ती, आता कसा नाई म्हणतो?" आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून पाराच्या दगडावर बसवलं. पंचफुलाने हातावर पाणी घालून पाहिलं, तांब्या भरला आणि नव्या धोतरासकट त्याच्या डोक्यावर ओतला.

निवृत्तीने असा हंबरडा फोडला की चांद्याने कान टवकारले. गाव लोळून लोळून हसलं. दुसरा तांब्या. गंध वाहून नाकावर आलं. तिसरा तांब्या. पंचफुला हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून ती एकामागून एक तांब्ये ओतत होती, कोपरापासून त्याचे हात चोळत होती, नखांत साबण घालून ती घासत होती. लाख्याला ती अशीच घासायची. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं ते बादलीतलं नव्हतं. हे एकट्या शालूबाईला दिसलं.

बादली रिकामी झाली. पंचफुलाने तांब्या खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि चांद्याची दोरी निथळणाऱ्या निवृत्तीच्या हातात दिली.

"घ्या, भाऊ. नाथा आता."

तिने स्वतः चांद्याचं डोकं छातीशी धरलं. भिजलेला निवृत्ती कुडकुडत होता, पण चांद्याच्या नाकाजवळ जाताच त्याचा हात स्थिर झाला. दाभण गेला, दोरी गेली. चांद्या एकदाच फुरफुरला. पंचफुलाने त्याच्या नाकाखालचा रक्ताचा थेंब पुसला आणि त्याला थोपटत मोठ्याने म्हणाली, "उद्या मॅडम आल्या की याले पयलं उभं करा. उकंडरावाचा मान नाथणीत राहू द्या, लसीत माहा." उकंडरावांनी तोंड उघडलं आणि सत्यभामाबाईकडे पाहून मिटलं.

मग पंचफुला दाभण घेऊन चुलीपाशी आली. शालूबाई खाली मान घालून बसली होती. पंचफुला तिच्या शेजारी उकिडवी बसली, दाभण खळखळत्या पाण्यात सोडला आणि फक्त तिला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"वहिनी, मघाशी तुमी आरत्या लय घाईनं म्हणत होत्या. देवाले चालन, मले चालणार नाई. आता घड्याळ पाहून उकळा."

शालूबाईने पूनमला हाक मारली आणि घरून भिंतीवरचं घड्याळ आणायला पाठवलं.